क्लॉकची वायर शेवटच्या टोकाला

आमच्या घरात मला गोष्ट सांग म्हणून कुणी म्हणत नाही, आवर म्हणून मात्र सगळे म्हणतात. त्यातही ही गोष्ट सुरू झाली की बायको ओटा पुसायला उठते. ओटा स्वच्छ असला तरी उठते. तिचं म्हणणं, दर खेपेला सांगताना मी या गोष्टीत थोडा थोडा हुशार होत चाललोय. तेव्हा आता लिहूनच टाकतो. कागदावर जेवढा वेंधळा उतरेन तेवढाच कायम राहीन.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी तारापूर एमआयडीसीतल्या एका लहानशा युनिटमध्ये लागलो होतो. कुंभवलीच्या बाजूला पत्र्याची शेड, आत काही टेबलं, सोल्डरिंगचा धूर, आणि डिझाइन इंजिनिअर म्हणून मी एकटा. आम्ही मोजणारी यंत्रं बनवायचो. पट्ट्यावरून किती बाटल्या गेल्या, मागावरून किती मीटर कापड निघालं, असलं.

नोकरी कच्ची होती. "मिलचा बोर्ड चालू दे, तुला पक्का करतो," असं शेठ म्हणाले होते. तिकडे पालघरला सासऱ्यांनी माझ्यासाठी सरकारी ऑफिसातली कारकुनाची जागा बघून ठेवली होती. ते स्वतः कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्या टेबलामागची खुर्ची कधी रिकामी होणार हे त्यांना त्या खुर्चीतल्या माणसाआधी कळायचं. इलेक्ट्रॉनिक्सला ते 'लायटिंग' म्हणत.

"जावईबापू, महिनाअखेरीला मला नाव कळवायचंय," ते म्हणाले. "तोवर तुमचं लायटिंग लागलं तर उत्तम. नाही लागलं तर पालघरला या. आम्ही काही परके नाही."

राहिली बायको. पालघरला माहेर, लेक लहान, तिला तिकडे सोयीचंच होतं. ती भांडली असती तर मला जोर आला असता. ती नुसती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय ते ठरवा." मला काय करायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मला सर्किटं बनवायची होती. पण ती चालली तर पाहिजेत.

मिलचा बोर्ड म्हणजे असं होतं. विणकामाच्या शेडमध्ये मागांच्या लाइनी असतात आणि आवाज एवढा, की शेजारच्या माणसाने कानात बोंब मारली तरी ओठ वाचावे लागतात. म्हणून प्रत्येक लाइनीच्या डोक्यावर आकड्यांचं एकेक कार्ड टांगायचं आणि त्या लाइनीचं कापड किती झालं ते लाल आकड्यांत दाखवायचं. ऑफिसच्या भिंतीवर आमची पेटी. पेटी एकेक आकडा पहिल्या कार्डाला देणार, पहिलं दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला, असे आकडे सरकत सरकत आपापल्या लाइनीवर पोचणार. आकडे नेणारी एक वायर, आणि दुसरी वायर क्लॉकची. क्लॉक म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नव्हे, नुसता ठोका. ठोका पडला की प्रत्येक कार्डाने आपल्याकडचा आकडा पुढे द्यायचा आणि मागचा घ्यायचा. हा ठोका सगळ्यांना एकाच क्षणी मिळायला हवा, एवढीच त्याची अट.

मिलमध्ये लाइनी आठ, म्हणून कार्डंही आठ; आमच्या टेबलावर ती सुतासारखी चालली. मी तो ठोका सेकंदाला हजारो वेळा पाडत होतो. का? कारण पाडता येत होता. शेठना मी ते कौतुकाने सांगितलं आणि शेठनी मिलवाल्यांना त्याहून कौतुकाने सांगितलं.

शेडमध्ये नेल्यावर पहिल्या दिवशी मागांच्या मोटारींच्या विजेच्या त्रासाने खोटेच ठोके पडायला लागले. त्यावर उपाय सोपा होता. प्रत्येक कार्डापाशी क्लॉकच्या वायरीवर एक रेझिस्टर आणि एक बारका कपॅसिटर लावला, गाळणीसारखा. खोटे ठोके गेले. मी खूश होऊन डबा उघडला, आणि पहिला घास घेतो तोच एक कामगार ओढत घेऊन गेला.

"सायेब, मी सकालपासून हितं उभा हाय, नि माझं कापड त्याच्या डोक्यावर कसं लावलं तुमी?"

बघतो तर एकच आकडा दोन लाइनींवर आणि एका लाइनीचा आकडा गायबच. ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याचं कापड आलं होतं तो काही तक्रार करत नव्हता. तो वर बघून हसत होता.

लाइनींवर देखरेख करणारा जॉबर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "साहेब, हे बंद तरी करा, नाहीतर शेडमध्ये मारामारी होईल!"

मला वाटलं, ठोका फार जलद पडतोय, कार्डांना झेपत नाही. म्हणून हळू केला. आकडे तसेच उड्या मारत राहिले. आणखी हळू केला. तरी तसेच. हे मला फार लागलं. जी गोष्ट घाईने बिघडते ती सावकाश केल्यावर सुधारावी, एवढी तर माणसाची अपेक्षा असते. ठोका परत पहिल्यासारखा जलद करून मी कार्डं बदलली, वायरी बदलल्या, आयसी बदलले. घरी भात पुढ्यात घेऊन मी बोटाने ताटलीवर ठोके पाडायचो आणि लेकीला तो खेळ वाटून तीही वाटी आपटायची. बायको म्हणायची, "एक कमी होता."

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला. आणि एक दिवस बोर्ड आपोआप सुधारला.

झालं काय, की शेडमध्ये हवा दमट ठेवायला फवारे असतात. त्यातला एक नेमका आमच्या क्लॉकच्या केबलवर गळत होता. मिलचा वायरमन उत्तरेकडचा, उत्साही गडी. मी जेवायला गेलो असताना त्याने ती केबल काढली, पलीकडच्या भिंतीने फिरवली आणि सरळ शेवटच्या कार्डाला नेऊन जोडली. आकड्यांची वायर पहिल्या कार्डाकडून येतेय आणि ठोका शेवटच्या कार्डाकडून.

"अरे, ये उलटा कर दिया तुमने!" मी ओरडलो.

"उलटा-सीधा क्या साहब, तार तो तार है," तो म्हणाला. "करंट को क्या मालूम?"

मी कपाळाला हात लावणार तोच जॉबरने माझा हात धरला आणि वर बोट दाखवलं. आठही लाइनींवर आपापले आकडे. एकही उडी नाही. संध्याकाळपर्यंत नाही, दुसऱ्या दिवशी नाही. शेठनी पेढे मागवले. मिलच्या मॅनेजरने पेढा तोंडात असतानाच सांगून टाकलं, की नव्या शेडलाही हाच बोर्ड लावा, तिथे लाइनी दुप्पट आहेत, आणि त्या सोमवारी चालू करायच्यात.

सगळे खूश. माझी मात्र तेव्हापासून झोप उडाली. न चालणाऱ्या यंत्रापुढे माणूस डोकं खाजवत बसू शकतो. चालणाऱ्या यंत्रापुढे काय करणार? मी रोज काहीतरी कारण काढून सायकलने मिलमध्ये जायचो आणि आकड्यांकडे बघत उभा राहायचो. जॉबरला वाटलं, मी कौतुक करायला येतो. मी खरं तर ते कधी बंद पडतंय याची वाट बघत होतो.

"शेठ, हे का चालतंय ते मला कळलेलं नाही," मी सांगितलं.

"चालतंय ना?"

"चालतंय, पण दुप्पट कार्डांवर चालेल की नाही..."

"हे बघ," शेठ म्हणाले, "माझं लग्न पण चालतंय. का चालतंय ते मी कधी विचारलं नाही. जसं आहे तसंच बनव, फक्त दुप्पट लांब. कशाला हात लावू नको."

सासऱ्यांना कुणीतरी पेढ्यांची बातमी पोचवली होती. आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी आणि बाकी जगाला रविवारी, त्यामुळे त्यांची-माझी गाठ पडणं अवघड. पण त्या शुक्रवारी ते मुद्दाम आमच्या घरी बोईसरला आले.

"मग? लागलं लायटिंग?"

"लागलं, पण..."

"पण?"

"का लागलं ते कळत नाही."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि लेकीकडे, म्हणजे त्यांच्या, बघितलं. तिने नजर चुकवली. "सोमवारी दुपारपर्यंत मी थांबतो," ते म्हणाले. "नाही म्हणणार असाल तर कारण नीट घेऊन या. 'कळत नाही' हे कारण मला त्या ऑफिसात सांगता यायचं नाही." आणि ते दुपारच्या शटलने परत गेले.

त्याच संध्याकाळी लेकीचा कान दुखायला लागला. आम्ही तिघं स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेलो. दवाखाना म्हणजे लांब व्हरांडा, व्हरांड्यात भिंतीला लागून एक लांबच लांब बाक, बाकाच्या पुढच्या टोकाला डॉक्टरांचा दरवाजा, आणि मागच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, टेबल टाकून बसलेला कंपाउंडर. आतून घंटी वाजली की कंपाउंडर "सरकाऽऽ" म्हणायचा, सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं, आणि मागे रिकामी झालेल्या जागेवर तो नवा पेशंट बसवायचा.

आम्ही कंपाउंडरच्या जवळ, म्हणजे मागच्या टोकाला. त्याने "सरकाऽऽ" म्हटलं, मी लेकीला घेऊन आज्ञाधारकपणे सरकलो आणि मुरबे गावाहून आलेल्या एका बाईंच्या जवळपास मांडीवरच बसलो.

"अरे दादा, बसतोस कुठं? डोले हायत का नाय?" बाई गरजल्या. "फुडचा अजून उठला नाय, मी सरकू कुठं?"

"त्यांनी सरका म्हटलं ना..."

"तो म्हनल! त्याचं हितं फुडं कुनाला ऐकाय येतं का? तू शेजारी बसलास, तुला पैलं ऐकाय आलं, नि आलास माज्या अंगावर!"

पुढच्या टोकाला एक म्हातारेबुवा होते, डोंगराकडच्या पाड्यावरून आलेले, ऐकायला कमी. ते जागचे हललेच नव्हते. मागून आमची दाटी, पुढे बुवा ठाम, आणि मधला एक बारीकसा माणूस बाकावरून घसरून खाली बसलेला. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी हसत नव्हतो. मी उभा राहिलो. लेक काखेत, आणि मी बाकाकडे बघतोय.

"आता बसा तरी," बायको म्हणाली.

"ठोका मागून आला," मी म्हणालो.

"काय?"

"मागच्याला आधी ठोका मिळाला की तो पुढच्याच्या अंगावर जातो. पुढचा अजून उठलेला नसतो. मग कंपाउंडर कितीही सावकाश ओरडू दे, काय फरक पडणार? ओरडण्यांच्या मध्ये तासभर गेला तरी मागचा आधी उठणार तो उठणारच!"

बाई मला वरून खालपर्यंत न्याहाळून बायकोला म्हणाल्या, "पोरीचाच कान दुखतो ना गो?"

मी कपॅसिटर लावले होते ते ठोका गाळायला, पण त्यांनी तो प्रत्येक कार्डापाशी थोडा थोडा उशीरही करत नेला. आकड्यांच्या वायरीला गाळणी नव्हती, ते सुसाट. पहिल्या कार्डाने नवा आकडा पुढे ढकलला तेव्हा दुसऱ्याला ठोका पोचलाच नव्हता, म्हणून त्याने जुना सोडून नवाच उचलला. आणि वायरमनने केबल उलटी लावल्यावर शेवटचं कार्ड आधी सरकलं, मग त्याच्या मागचं, मग त्याच्या मागचं. दरवाज्याकडच्याने आधी उठावं तसं. सगळ्यांना एकाच क्षणी ठोका मिळावा म्हणून मी झुरत होतो, आणि गरज होती ती नीट क्रमाने थोडं थोडं मागेपुढे होण्याची.

एवढं कळल्यावर खरं तर मी शांत व्हायला हवं होतं. पण घरी परतताना, रेल्वे फाटकापाशी उभे असताना, पुढचं डोक्यात आलं. दरवाज्याकडून सरकत सरकत मागच्या टोकाची जागा रिकामी व्हायला वेळ लागणार. बाक लहान असेल तर ठीक. बाक दुप्पट लांब असेल, तर मागची जागा रिकामी व्हायच्या आत आतली घंटी पुन्हा वाजेल आणि कंपाउंडर नवा माणूस आणून उभा करेल. नवी शेड दुप्पट लांब होती.

शनिवारी सकाळी मी आमचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे ठोके काचेवर रेघेत दाखवणारं यंत्र, रिक्षात मांडीवर घेऊन मिलमध्ये गेलो. तो जुना, टीव्हीएवढा जड आणि एकाच रेघेचा. दोन कार्डांचे ठोके शेजारी शेजारी बघायची त्याच्यात सोय नाही. म्हणून मी बायकोच्या टिकल्यांचं पाकीट उचललं होतं. पेटीपाशी ठोका निघाला की रेघ सुरू होईल असं जुळवलं, आणि एकेका कार्डापाशी ठोका कुठे चढतो तिथे काचेवर टिकली लावत गेलो. शेवटच्या कार्डाची टिकली डावीकडे. मग एकेक उजवीकडे सरकत पहिल्या कार्डाची पार उजवीकडच्या कडेला, पुढचा ठोका यायच्या अगदी बेतात. आता लांबी दुप्पट केली तर उशीर दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होतो, कारण प्रत्येक गाळणीला आपल्या पुढच्या सगळ्या गाळण्यांचंही ओझं ओढावं लागतं. म्हणजे पहिल्या कार्डाची टिकली काच सोडून भिंतीवर लावायला लागली असती.

उपाय मात्र हास्यास्पद सोपा होता. आता ठोका हळू करायचा. आधी ज्याने काहीच झालं नव्हतं, तेच आता करायचं. केबलची दिशा बरोबर असल्यावर हळू करण्याला अर्थ होता. पेटीतला एकच रेझिस्टर बदलायचा. मुळात मागावरचा माणूस वर बघणार कधी? तंबाखू मळताना. त्याच्यासाठी सेकंदाला हजारो ठोके कशाला हवे होते? ते मला हवे होते.

शेठ ऐकेनात. "हळू? मी त्यांना सांगून बसलोय, असला जलद बोर्ड अख्ख्या एमआयडीसीत नाही!"

"शेठ, जलद ठेवला तर आकडे चुकतील."

"पण आत्ता तर चालतोय!"

"तो आठ लाइनींचा. हा सोळांचा नाही चालणार. मी लिहून देतो."

"आणि हळू करून पण नाही चालला तर?"

"तर मी पालघरला जातो. जागा तयार आहे."

ही धमकी नव्हती, खरीच जागा होती. पण शेठना ती धमकी वाटली असावी. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "कर. पण हळू हा शब्द मॅनेजरसमोर काढू नकोस."

सोमवारी पहिल्या पाळीला नवी शेड सुरू झाली. माग एकेक करून चालू झाले, आवाज वाढत गेला, आणि मी पेटीपाशी उभा राहून सोळा कार्डांकडे एकदम बघायचा प्रयत्न करत होतो. माणसाला दोनच डोळे का दिलेत, असं वाटलं. आधी जुना जलद रेझिस्टर लावून बघितला, खात्रीसाठी. आकडे लगेच एक जागा चुकले. मॅनेजरचा चेहरा पडायच्या आत मी तो काढला आणि नवा लावला. सोळाच्या सोळा लाइनी जागच्या जागी. जॉबर शेडच्या टोकापर्यंत चालत गेला, प्रत्येक माग बघून आला आणि माझ्या कानात ओरडला, "ज्याचं त्याच्या डोक्यावर!"

मी निघायला हवं होतं, पालघरला दुपारच्या आत पोचायचं होतं. पण आणखी थोडं बघू, आणखी थोडं बघू, असं करत मी उभाच राहिलो. माग तापल्यावर काय होतं, जेवणाच्या सुट्टीत मोटारी एकदम बंद पडल्यावर काय होतं, परत सुरू झाल्यावर काय होतं. काहीच होत नव्हतं. शटल गेली. पुढची उमरोळीला रखडली आणि मी डब्याच्या दारात उभा राहून सासऱ्यांना सांगायची वाक्यं जुळवत राहिलो.

पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. सासरे झोपाळ्यावर. बायको लेकीला घेऊन सकाळीच आली होती, ती स्वयंपाकघराच्या दारात.

"चाललं," मी धापा टाकत म्हणालो. "आणि का चाललं तेही कळलं. म्हणजे असं बघा, एक बाक आहे..."

"बाकाचं मला हिने सांगितलं," सासरे म्हणाले. "आणि त्या जागेचं मी सकाळीच कळवून टाकलं. जावई येणार नाहीत म्हणून."

"सकाळीच? पण तेव्हा तर बोर्ड चालू पण झाला नव्हता. बंद पडला असता तर?"

"त्याच्याशी काय संबंध?" ते झोपाळा थांबवून म्हणाले. "अहो, चालणारी वस्तू बघून ज्याची झोप उडते, त्याला मी सरकारी ऑफिसात कुठे बसवू? तिथे बंद पडलेल्या वस्तूशेजारी झोप लागणारी माणसं लागतात. माझी शिफारस होती, माझं नाव गेलं असतं."

बायकोने आत जाऊन पान वाढलं. मी जेवता जेवता विचारलं, की बाकाचं त्यांना कधी सांगितलंस. ती म्हणाली, "रविवारी. तुम्ही आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळी ताटलीवर ठोके पाडत होतात, तेव्हा मी शेजारच्यांकडे जाऊन बाबांना फोन केला."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, यांना इकडेच राहू द्या. तुमच्या घरी आणलंत तर तुमच्या भांड्यांना पोचे पडतील."